रेस देण्याआधी

आमच्या चिंचणीत मोटारसायकलची मूठ पिळण्याला ‘रेस देणे’ म्हणतात. बोईसर-तारापूरकडेही तेच. शर्यतीलाही रेस आणि इंजिनाला पेट्रोल सोडण्यालाही रेस. एकाच शब्दावर दोन कामं भागवल्यामुळे आमच्या पोरांचा एक पक्का समज झाला आहे, की ज्याने मूठ जास्त पिळली तो पुढे गेला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. नववी-दहावीच्या बाकांवर हा समज मला रोज भेटतो. मुलं शाळा सोडून एमआयडीसीत लागतात, पहिल्या वर्षातच हप्त्याने गाडी येते आणि समज रस्त्यावर उतरतो.

2021 साली अशाच एका संध्याकाळी माझा एक विद्यार्थी गेला. शर्यत दोघांची होती, रस्ता सरळ होता, तिसऱ्याने रुमाल हलवला. क्लच एकदम सुटला, पुढचं चाक उठलं, गाडी तिरकी खाली आली आणि समोरून टेम्पो येत होता. वेग म्हणावा असा वेग गाडीने अजून घेतलाही नव्हता. पंचवीस-तीस फुटांत सगळं आटोपलं. जनाज्याला सबंध मोहल्ला होता आणि जो तो वेगालाच दोष देत होता.

दुसऱ्या गाडीवर होता तोही माझाच विद्यार्थी. तो डायच्या कामात आहे. आमच्या भागात दागिन्यांचे पोलादी साचे घरोघरी कोरले जातात, त्याला डाय म्हणतात. या कामाला नजर आणि हात दोन्ही स्थिर लागतात. वर्षभर त्याने गाडीला हात लावला नाही. मग एक दिवस घरी आला, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, “सर, त्याची गाडी उठली का? रेस तर मीपण तेवढीच दिली होती.”

असा प्रश्न बोर्डाच्या परीक्षेत येत नाही. मी कागदावर गाडी काढली. मागचं चाक जमिनीला मागे ढकलतं, जमीन गाडीला पुढे ढकलते. हा जोर लागतो अगदी तळाशी, आणि गाडी व स्वार मिळून जो मरकजे-सिक्ल, मराठीत गुरुत्वमध्य, तो असतो दोन फुटांहून वर. म्हणून जोर झटक्याने आला की गाडी पुढे जाण्याऐवजी मागच्या चाकावर उभी राहू पाहते. इंजिन जोरात फिरत असताना क्लच एकदम सोडला, तर आत फिरणाऱ्या जड भागांत साठलेली ताकदही त्याच क्षणी चाकावर येते. त्यात स्वार मागे रेलून बसला असेल तर विचारूच नका. रेस दोघांनी सारखीच दिली होती. फरक पडला तो डाव्या हाताच्या दोन बोटांत, आणि छाती कुठे होती त्यात. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या महिन्यात त्याच्या अम्मी शाळेत आल्या. पोरगा आता रीतसर मैदानातली शर्यत करायची म्हणत होता. “सर, तुमचं ऐकतो तो. गाडी विकून टाक म्हणावं. रस्ता काय नि मैदान काय, हाड तर तेच ना?” मी त्यांना फरक सांगितला. रस्त्यावरची शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. मैदानातल्या अधिकृत शर्यतीला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा परवाना लागतो, गाडी आणि हेल्मेट तपासतात, रुग्णवाहिका उभी असते, समोरून टेम्पो येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 23 सप्टेंबर 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातल्या पहिल्या मोटोजीपीची छोटी शर्यत झाली. सगळ्यांच्या पुढे उभा होता मार्को बेझेकी. पहिल्याच वळणावर त्याच्याच संघातला लुका मारिनी त्याला येऊन धडकला. मारिनीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. जगातले निवडक स्वार, आणि घात झाला तो सुरुवातीलाच. बेझेकी शेवटून उठून पाचवा आला आणि दुसऱ्या दिवशीची मोठी शर्यत त्याने जिंकली, हे मी अम्मींना सांगितलं नाही. पोराला सांगितलं.

28 जानेवारी 2024 ला पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी होती. वाणगावहून लोकल, दादरहून पुण्याची गाडी, असे आम्ही दोघं गेलो. मातीचे उंचवटे, त्यावरून उडणाऱ्या गाड्या, धूळ, आवाज. बाकी प्रेक्षक उड्या बघत होते, आम्ही सुरुवात बघत होतो. या शर्यतीत स्वारांपुढे आडवं लोखंडी गेट असतं. पाच सेकंदांची पाटी दाखवली की त्यानंतर पाच ते दहा सेकंदांत केव्हातरी ते पडतं. नेमकं केव्हा, ते कोणालाच कळत नाही. आणि ते पडतं स्वाराच्या अंगाकडे. घाई केली की चाक गेटातच अडकतं. स्वार पुढे सरकून बसलेले, डोकं हँडलवर, दोन्ही पाय जमिनीला, क्लचवर दोन बोटं. इंजिनाचा आवाज चढत-उतरत नाही, एका पट्टीत धरलेला. आमचे रस्त्यावरचे बहाद्दर सुरुवातीआधी भ्रूम-भ्रूम करतात, तसं इथे कोणी करत नव्हतं. पोरगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सर, हे तर डाय कोरतायत.”

बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापन असतं. सबंध पाठ घ्यायचा नाही. पाच-सहा मिनिटांत एकच कौशल्य, कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन, तेवढंच घ्यायचं, चुका ऐकायच्या आणि पुन्हा घ्यायचं. तेव्हा आम्ही त्याची टिंगल करायचो. ओळखीच्या एका वाडीवाल्याने भिंत घातलेलं रिकामं आवार दिलं आणि तिथे मी तेच तंत्र लावलं. पहिले दोन रविवार त्याने मूठ फिरवलीच नाही. गाडी चालू, पहिला गिअर, आणि क्लच इतकाच सोडायचा की गाडी ओढ घेईल पण हलणार नाही. ती जागा बोटांना आंधळेपणी सापडली पाहिजे. मग आवाज एका पट्टीत धरणं. मग छाती टाकीवर. चाक उठायला लागलं तर दचकून मूठ बंद न करता क्लच केसभर आत घेणं. सगळ्यात शेवटी दिवा. मोटोजीपीत लाल दिवा दोन ते पाच सेकंद राहतो आणि विझला की निघायचं. आधी चाक हललं तर शिक्षा. मी बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद लावला.

मोबाइलच्या चित्रणात सेकंदाला तीस चित्रं असतात, ती एकेक पुढे सरकवून आम्ही मोजत बसायचो. दिवा विझल्यापासून चाक हलेपर्यंत सुरुवातीला पंधरा चित्रं जायची. चार महिन्यांनी दहा. डोळ्याने पाहून हात हलायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतोच, म्हणजे सहा चित्रं. त्याच्या खाली कोणी आलं तर तो अंदाजाने निघाला असं समजावं. शंभर मीटर धावण्यात तर एकदशांश सेकंदाच्या आत सुटणाऱ्याला बादच करतात.

परवान्याच्या अर्जाची माहिती त्याने आणली आहे, पण पैसे अजून जमलेले नाहीत. हेल्मेट मात्र चांगलं घेतलं आहे.

एका रविवारी अम्मी न सांगता आवारात आल्या. भिंतीलगतच्या बाजेवर बसून त्यांनी दोन-तीन वेळा सगळं पाहिलं. मग उठल्या आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी बॅटरी दिली. त्यांनी बटण दाबलं. लाल उजेड पडला आणि पडूनच राहिला. पाच सेकंद गेले, दहा गेले, पंधरा. गाडी एका सुरात गुरगुरत होती, चाक हललं नाही.

“अम्मी, नियमात पाचच सेकंद असतात,” मी म्हणालो.

“तुमच्या नियमात असतील,” त्या म्हणाल्या, आणि आणखी थोडा वेळ थांबून त्यांनी दिवा विझवला.