माझा आवडता खेळाडू : एन्गोलो कांते



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध दिला की बहुतेक वह्यांमध्ये सचिन, धोनी नाहीतर विराट येतो. त्यात चूक काही नाही. पण आज मी तुम्हाला माझ्या आवडीचा खेळाडू सांगते. फ्रान्सचा फुटबॉलपटू एन्गोलो कांते. उंची जेमतेम 168 सेंटीमीटर, गोलही फारसे नाहीत. मधल्या फळीत पळायचं, समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि आपल्या माणसाकडे द्यायचा, हे त्याचं काम.

मागच्या वर्षी केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी कबड्डीचा संघ निवडताना मी एका मुलाला "तू अजून लहान दिसतोस रे" म्हणून बाजूला बसवलं. तो काही बोलला नाही. मैदान आखायला मात्र रोज सगळ्यांच्या आधी हजर! नंतर कांतेबद्दल वाचलं आणि मनाला लागलं.

कांतेचा जन्म 1991 चा, पॅरिसचा. आईवडील आफ्रिकेतल्या माली देशातून आलेले. वडील लवकर गेले. लहान चणीमुळे मोठ्या क्लबांनी त्याला घेतलं नाही. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो सुरेन या उपनगरातल्या हौशी क्लबात खेळत होता. सोबत हिशेबनिशीचा अभ्यास, म्हणजे अकाउंटिंग. (पोटापाण्याची सोय आधी, हे आपल्याकडच्या आयांना पटेल!) मग बुलोन्य, मग काँ हे क्लब, आणि 2015 मध्ये इंग्लंडचा लेस्टर सिटी.

लेस्टर जिंकेल यावर सट्टेवाले 5000 ला 1 भाव देत होते. 2016 मध्ये लेस्टर चॅम्पियन! त्याच वर्षी कांते चेल्सीत गेला, तर पुढच्या वर्षी चेल्सी चॅम्पियन. 2018 मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात त्याला 55व्या मिनिटाला बाहेर घेतलं होतं. नंतर चषक हातात घ्यायलाही तो लाजत होता, शेवटी सोबत्यांनीच तो त्याच्या हाती दिला. पुढे त्याच्यावर गाणं रचून स्टेडियममध्ये म्हटलं. 2021 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात सामनावीर तोच.

लोकांना तो इतका का आवडतो? मला विचाराल तर एक गोष्ट पुरे. 2018 मध्येच, विश्वविजेता झाल्यावर, लंडनहून पॅरिसची त्याची गाडी चुकली. तो जवळच्या मशिदीत गेला. तिथे भेटलेल्या एका चाहत्याने जेवायला बोलावलं. तो चाहताही चेल्सीचा नव्हे, आर्सेनलचा! कांते सरळ त्याच्या घरी गेला, जेवला, पोरांबरोबर व्हिडिओ गेम खेळला.

आमच्या यंदाच्या संघाची निवड पुढच्या आठवड्यात आहे. यादी मी अजून केलेली नाही. आधी सगळ्यांना खेळवणार आहे, मैदान आखणाऱ्यालासुद्धा.