टाळी न वाजवणारे श्रोते

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने टाळी वाजवायची नसते. गाण्याबरोबर गुणगुणायचे नसते, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून 'वा' म्हणायचे नसते, आणि पायाने ठेका धरायचा तोही आपल्यापुरता. हा नियम कोणी भिंतीवर लिहून लावलेला नव्हता. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या कार्यक्रमांना उंच दांडीवर मायक्रोफोन चढवून उभ्या राहणाऱ्या माणसांनी तो आपणहून स्वीकारला होता. कारण दांडीखालची टाळी मायक्रोफोनला रंगमंचावरच्या गिटारीपेक्षा जवळची असते. भोवती हजारो माणसे नाचत, हसत, रडत असत आणि हा मात्र यंत्राच्या थरथरत्या काट्याकडे पाहत, कॅसेटची पंचेचाळीस मिनिटांची बाजू कोणत्या गाण्याच्या मध्यावर संपणार याचा हिशेब मनाशी मांडत असे. घाटावर येऊनही कोरडा राहिलेला हा माणूस इतरांसाठी घागर भरून नेत होता. त्या पाण्याची चव पुढे कोणी कशी सांगितली, ही एका निराळ्याच समीक्षेची हकीकत आहे.

१९६५ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या परिसरात हा बँड उभा राहिला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये जेरी गार्सिया या त्याच्या प्रमुख गिटारवादकाच्या मृत्यूबरोबर त्याचा प्रवास थांबला. या तीस वर्षांत त्याचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. दोन रात्रींचा गाण्यांचा क्रम सहसा एक नसे आणि एकच गाणे दोन रात्री सारखे वाजत नसे. 'डार्क स्टार' हे गाणे १९६८ साली तबकडीवर आले तेव्हा ते पुरते तीन मिनिटांचेही नव्हते. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहात ते तेवीस मिनिटे चालले आणि २७ ऑगस्ट १९७२ रोजी, ओरेगनमधील व्हेनेटा येथे, भाजून काढणाऱ्या उन्हाच्या दिवशी, अर्ध्या तासाच्या घरात जाऊन पोचले. ख्याल ऐकणाऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. बंदिश तीच, रात्र निराळी. आणि कालची रात्र आजच्या रात्रीची हमी देत नाही.

मात्र ख्यालाशी असलेले हे साम्य फार ताणू नये. येथे एक गवई आणि त्याला साथ करणारे इतर अशी मांडणी नव्हती. पाच-सहा जण एकमेकांकडे कान देऊन एकाच वेळी वाट शोधत आणि पुष्कळदा सगळेच एकदम चुकत. शब्द विसरत, स्वर उतरत, एखादे गाणे दलदलीत रुतलेल्या बैलगाडीसारखे जागच्या जागी डुलत राही. हिंदुस्थानी संगीताशी या मंडळींचा खरा संबंध तालाच्या वाटेने आला. बँडचा दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँकडे ओढला गेला आणि पुढे मुंबईत माहीमला वाढलेल्या झाकीर हुसेन यांच्याशी त्याची आयुष्यभराची मैत्री जडली. दोघांच्या 'दिगा' या १९७६ सालच्या ध्वनिमुद्रिकेत गार्सियाची गिटारही ऐकू येते. २०२४ च्या डिसेंबरात झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोतच वारले.

रात्रीगणिक बदलणारे संगीत म्हटले की रात्रीगणिक हिशेब आला. आरंभी मायक्रोफोन कोटाखाली दडवून नेत. चाहत्यांचा हा उद्योग बँडने प्रथम पाहून न पाहिल्यासारखे केले आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरमधील कार्यक्रमांपासून, ध्वनिनियंत्रकाच्या मेजामागे मुद्रण करणाऱ्यांसाठी रीतसर वेगळी जागा राखली. कारण उदात्ततेपेक्षा व्यवहाराचे होते. दांड्यांचे रान मेजापुढे माजले की ध्वनिनियंत्रकाला रंगमंच दिसेनासा होई. पण त्या जागेमुळे एक गोष्ट मान्य झाली: आजच्या रात्रीचे संगीत आज येथे हजर असलेल्यांपुरतेच नाही. अट एकच, फीत विकायची नाही. ती द्यायची, बदल्यात दुसरी घ्यायची. आणि नवख्याजवळ देण्याजोगे काहीच नसेल तर त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपालतिकीट पाठवावे, एवढ्यावर अनोळखी माणूस रात्र रात्र जागून त्याच्यासाठी प्रती काढून देई. महाराष्ट्रातही खासगी मैफलींच्या स्पूलफिती पुष्कळ जमवल्या गेल्या. पण तेथला संग्राहक बहुधा फीत ऐकवतो, देत नाही. चहा देतो, खिडकी लावून घेतो, डोळे मिटून ऐकायला सांगतो आणि फीत कपाटात ठेवून किल्ली फिरवतो.

फीत हातोहात फिरू लागली की तिच्याबरोबर चिठ्ठी फिरते. प्रेक्षकांतून घेतलेली आहे की मेजावरून, मुळापासून कितवी प्रत, सरसर किती, कोणत्या गाण्यात बाजू पालटली आणि किती सेकंद हरवले. मूळ फितीवरून पहिली प्रत, तिच्यावरून दुसरी, असे करीत पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत येता येता संगीतावर पावसाची संततधार धरते आणि त्या धारेपलीकडचे ऐकण्याची सवय कानाला लावून घ्यावी लागते. हा झाला पत्रिकेचा भाग. त्यानंतर खरी समीक्षा सुरू होते. तिची आपली अशी एक लिपी आहे. दोन गाण्यांच्या नावांमध्ये बाणाची लहानशी खूण आली, तर पहिले गाणे न थांबता दुसऱ्यात मिसळले असे समजायचे. गाणी दोन्ही ओळखीची असतात. समीक्षकाचा जीव अडकलेला असतो तो त्या बाणात. एक गाणे सुटत चालले आहे, दुसरे अजून हाती लागलेले नाही, ड्रमवादकांनी पुढच्याची चाहूल दिली आहे आणि गार्सिया अजून मागच्याच अंगणात रेंगाळतो आहे, या मिनिट-दीड मिनिटावर पानभर मजकूर लिहिलेला सापडतो. त्यातला पुष्कळसा भाबडा असतो. विशेषणांची उधळण असते, आकाशगंगा फार वेळा येतात. पण मधूनच एखादे वाक्य असे येते की त्याने पाहिलेला तो अडखळ पुन्हा फीत लावून ऐकावासा वाटतो. समीक्षेने यापेक्षा फार काही करावे अशी अपेक्षा असू नये.

१९७४ मध्ये फितींच्या देवघेवीसाठी निघालेले 'डेड रेलिक्स' हे छोटे नियतकालिक, कार्यक्रमांच्या तारखा आणि गाण्यांचे क्रम नोंदवणारा 'डेडबेस' हा १९८७ पासूनचा जाडजूड संदर्भग्रंथ आणि फितींच्या परीक्षणांचाच केलेला, १९९८ पासून खंडशः आलेला कोश, अशी या लेखनाची ग्रंथरूपे झाली. त्यांच्यामागे मात्र वह्या होत्या. आणि वहीवाल्यांचा मुकुटमणी म्हणजे डिक लॅटव्हाला.

हा मनुष्य संगीतज्ञ नव्हता. हवाईत राहत असताना तो टपालाने फिती मागवी, ऐके आणि ऐकलेले हाताने वहीत उतरून काढी. त्या नोंदींत मोजूनमापून लिहिण्याचा प्रयत्न आहे आणि मोजमाप विसरून आरडाओरडा केल्याच्या खुणाही आहेत. पुढे बँडने त्यालाच आपल्या फितींच्या तिजोरीचा रखवालदार नेमले. १९९३ पासून त्याच्या निवडीचे कार्यक्रम त्याच्याच नावाने प्रकाशित होऊ लागले. चाहत्याची आवड बँडने अधिकृत मानल्याचे असे उदाहरण विरळा. त्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर ग्राहकासाठी इशारा छापलेला असे: हे जुने मुद्रण आहे, त्यात दोष आढळतील. दोष झाकून सुबक केलेली वस्तू लॅटव्हालाला नकोच होती. १९९९ च्या ऑगस्टमध्ये तो वारला. मालिका त्याच्यामागेही त्याच्याच नावाने काही वर्षे चालू राहिली.

सगळ्यात मोठे भांडण ८ मे १९७७ या एका तारखेवरून आहे. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉल या कवायतीसाठी बांधलेल्या अवाढव्य सभागृहात त्या रात्री कार्यक्रम झाला. मे महिना असूनही बाहेर बर्फ पडला. बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी त्याचे मुद्रण केले. पुढे त्यांच्या कोठाराचे भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला. वस्तूंत फिती होत्या. परक्यांनी त्या विकत घेतल्या, वाळवल्या, निगुतीने वाजवल्या आणि प्रती बाहेर पडल्या. बँडचे नाव ज्या लोककथेवरून आले ती येथे आठवल्यावाचून राहत नाही. कर्जापायी एका प्रेताचे अंत्यसंस्कार अडून राहतात, वाटेने जाणारा अनोळखी माणूस ते कर्ज फेडतो आणि पुढच्या प्रवासात तो मृतात्मा त्याच्या मदतीला येतो. कॉर्नेलची फीत २०११ सालच्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेली आणि २०१७ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाली.

ही सर्वश्रेष्ठ रात्र, असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्याला उत्तर देणारा दुसरा पंथ म्हणतो, मुद्रण स्वच्छ म्हणून ती श्रेष्ठ वाटते. दुसऱ्याच दिवशीचा बफेलोचा कार्यक्रम ऐका. दोघांचेही म्हणणे खोडून काढता येत नाही, कारण दोघेही फितीविषयी बोलत आहेत; आणि बार्टन हॉलमध्ये प्रत्यक्ष असलेला एखादा मध्येच सांगतो की त्याला आठवते ते मुख्यतः बर्फ. स्मरण आणि फीत यांचा मेळ बसत नाही तेव्हा खरे कोणते मानायचे, हा प्रश्न या परीक्षणांतून पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. हजर असलेला म्हणतो, ती रात्र जन्मात विसरणार नाही. आणि फीत दाखवते की गिटार बेसूर होती. हजर नसलेल्याला सुराची चूक ऐकू येते, आनंद ऐकू येत नाही. चांगला समीक्षक अशा वेळी दोन्ही नोंदवतो आणि निवाडा करीत नाही.

पण निवाडा टाळून चालत नाही असा एक काळ येतो. १९८६ च्या जुलैमध्ये मधुमेहाने गार्सिया बेशुद्धावस्थेत गेला. शुद्धीवर आल्यावर त्याला गिटार जवळपास पुन्हा शिकावी लागली, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला ओकलंडमध्ये तो परत रंगमंचावर आला. त्या रात्रीच्या फितीवर पहिल्या गाण्याला जो गलका उठतो, त्याला कोणीही मुद्रणदोष म्हटलेले नाही. त्यानंतरची काही वर्षे भरभराटीची होती. १९९० च्या वसंतातले कार्यक्रम तर कडवे समीक्षकही उचलून धरतात. मग उतार लागला. १९९४-९५ च्या फितींत गार्सियाचे शब्द गळतात, बोटे मागे पडतात, ओळीच्या सुरुवातीला आवाज असतो आणि शेवटी नुसता श्वास. प्रेमाने जमवलेल्या संग्रहात ही कॅसेट कोणत्या कप्प्यात ठेवायची? तिच्याविषयी काय लिहायचे? काहींनी त्या वर्षांच्या फिती ऐकणेच सोडून दिले. काहींनी कडवटपणे लिहिले: तिकिटे घेणाऱ्या सगळ्यांनाच दिसत होते की हा माणूस खचत चालला आहे, आणि तरी सगळेच पुढच्या गावी गेले. लिहिणारा तिकीट घेणाऱ्यांतलाच एक होता, हे त्या लेखनाला धार आणते. तर काहींनी त्या पडझडीत कान घालून शोधले की अमुक रात्री, अमुक गाण्यात, तीन-चार मिनिटे तो पूर्वीसारखा होता. ही शोधाशोध आंधळ्या भक्तीची आहे असे म्हणणे सोपे आहे. आजारी वडिलांनी आज दोन घास जास्त खाल्ले, असे फोनवरून भावंडांना कळवणाऱ्या मुलाच्या स्वरात आणि या परीक्षणांच्या स्वरात मात्र फारसा फरक नाही.

अखेरचा कार्यक्रम ९ जुलै १९९५ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर झाला. गार्सियाने आपल्या वाटणीचे शेवटचे गाणे 'ब्लॅक मडी रिव्हर' हे म्हटले, आणि त्यानंतर बेसवादक फिल लेशने 'बॉक्स ऑफ रेन' घेतले. मृत्युशय्येवर असलेल्या आपल्या वडिलांना म्हणून दाखवता यावे यासाठी पंचवीस वर्षांपूर्वी त्याने बांधलेली ती चाल. ठीक एक महिन्याने गार्सिया गेला; तो त्रेपन्न वर्षांचा होता. या फितीवर लिहिणाऱ्यांचा नेहमीचा क्रम मोडतो. कितवी प्रत, सरसर किती, हे बहुतेक जण विसरतात. त्या रात्री मैदानावर असलेल्यांना तो शेवट आहे हे ठाऊक नव्हते; त्यांना गर्दीतून बाहेर पडायचे होते, गाडी कोठे लावली ते आठवायचे होते. फितीवर त्यांच्या टाळ्या ऐकू येतात, शिट्या, कोणीतरी कोणालातरी नावाने हाक मारतो. मायक्रोफोनच्या अगदी जवळ मात्र शांतता आहे. तेथे दांडीखाली कोणीतरी हात बांधून उभा आहे, आणि टाळ्या ओसरेपर्यंत यंत्र बंद करीत नाही.