दोन दिवस

“आपा, एक काम था,” म्हणत ती आली, तेव्हा मला वाटलं धाकट्या भावाच्या ॲडमिशनचं काही असेल. माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकलेली मुलगी. आता धाराशिवमध्ये एका खाजगी ऑफिसात नोकरी करते. चहा संपेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “शनिवार-रविवार मी तुमच्याकडे राहायला आले, असं अम्मीला सांगाल का?”

मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आमच्याच समाजातला. दोन वर्षांची ओळख, पण ती सगळी फोनवरची. भेट म्हणजे बसस्टँडवरचा अर्धा तास, तोही इकडेतिकडे बघत. त्याच्याबरोबर तिला दोन दिवस महाबळेश्वरला जायचं होतं.

मी म्हटलं, “नळदुर्गला जा ना. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.” ती हसली. पावसाळ्यात बोरी नदीचं पाणी चढलं, की १६१३ साली बांधलेल्या पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन धबधबे शेजारीशेजारी कोसळतात. “आपा, ते बघायला अर्धा जिल्हा येतो. मला धबधबा नाही बघायचा. तो दमल्यावर कसा बोलतो, भांडण झाल्यावर काय करतो, ते बघायचंय. आणि दोन दिवस कुणी मला ‘कुठं चाललीस’ असं विचारू नये.”

मला तिची भीती वाटली ती वेगळ्या कारणानं. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि अक्साच्या हॉटेलांतून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना बाहेर काढलं होतं. बंद खोलीतल्या सज्ञान माणसांवर ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तना’चं कलम लावून दंड घेतला. काहींच्या घरीही फोन गेले. पुढं डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टानं स्पष्ट सांगितलं, की अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदाच नाही. पण बदनामी झाली तर गल्लीत कोर्टाचा निकाल कोण वाचून दाखवणार? आणि ती बदनामी मुलीच्याच वाट्याला येते.

आमच्या दीनमध्ये निकाहाआधी असा एकांत मान्य नाही. मीही ते मानते आणि तिलाही तेच सांगितलं. पण त्याच दीनमध्ये निकाहाआधी एकमेकांना पाहून घ्यावं असंही सांगितलंय. मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह नाही. हजरत खदीजा स्वतः व्यापार करणाऱ्या, कमावत्या. निकाहाचा पैगाम त्यांच्याकडूनच गेला होता. आम्ही यातलं काय ठेवलं? मुलगी बघायची म्हणजे दहा मिनिटं, खोलीत आठ माणसं आणि तिच्या हातात चहाचा ट्रे. एवढ्यात तिनं आयुष्याची रजामंदी द्यायची.

खोटं बोलायला मी नाही म्हटलं. रस्त्यात काही बरंवाईट झालं, तर तिची अम्मी माझ्याच दारात येऊन विचारणार होती. मी म्हटलं, “त्याला माझ्या घरी बोलव. अम्मीला सांगून. दिवसभर बसा, बोला.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “पण आपा, घरात तुम्ही असणारच ना.”

मला उत्तर सुचलं नाही.

मग तिला विचारूनच मी तिच्या अम्मीकडे गेले. मुलाचं नाव काढलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणाल्या, “लडका अच्छा है. पण धाकट्याची आणखी दोन वर्षांची फीस आहे. ही गेली तर घर कसं चालणार?”

म्हणजे अडचण मुलाची नव्हती, धर्माचीही नव्हती. अडचण पगाराची होती. तो पगार घरात ‘घराचा’ म्हणून येतो. पण ती तिच्या मनाचं काही मागायला गेली, की ती ‘लोकांची अमानत’ होते. एक तारखेला तिच्यावर घर चालतं, आणि शनिवारी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मी अम्मींना एवढंच म्हटलं, “निकाह आता करा. लग्नानंतरही दोन वर्षं ती घरी पैसे देईल, हे मुलाकडच्यांशी आधीच ठरवून घ्या. मी बरोबर येते.” त्या विचार करू म्हणाल्या.

ती अजून वाट बघते आहे. तुमच्याही घरात अशी कमावती मुलगी असेल, तर तिचा पगार मोजताना एकदा तिचंही काही विचारा. तिला महाबळेश्वरच हवं असेल असं नाही.