ग्रिनिच : जिथून वेळ विकत मिळायची

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे जायचा योग आला, तर एक दिवस ग्रिनिचसाठी राखून ठेवा. वेस्टमिन्स्टरहून थेम्स नदीतून बोटीने साधारण तासाभरात पोहोचता येतं. पुढे बागेतून वेधशाळेच्या टेकडीवर चालत जायचं. शेवटचा चढ चांगलाच दमवतो. घरून निघताना मुलं म्हणतील, "वी विल हॅव प्लेंटी ऑफ टाइम." हे ऐकून निवांत दुसरा चहा टाकू नका.

आपण स्टेशनवर म्हणतो, "गाडीला अजून वेळ आहे." वेळ गाडीला असतो, आपण बाकावर बसून डबा उघडतो. इंग्रज म्हणतो, "वी हॅव टाइम." वेळ त्याच्याकडे आहे, पाकिटातल्या नोटांसारखा. पुढे तो पुरेल का, किती उरेल, याचा हिशेब तो आधीच मांडतो. उरलेल्याला म्हणतो 'टाइम इन हँड'. आपण मात्र 'वेळ मिळाला तर येतो' म्हणतो, म्हणजे देणारा कोणी दुसराच! म्हणून मुलांच्या 'प्लेंटी'मध्ये चालण्याची, तिकिटाच्या रांगेची मिनिटं धरलेली असतात. तुमच्या दुसऱ्या चहाची नसतात.

'इन गुड टाइम'ही नीट ऐका. "बी देअर इन गुड टाइम" म्हणजे वेळेच्या थोडं आधीच या. त्याच शब्दांपुढे 'ऑल' लागला, की अर्थ होतो, घाई करू नका, व्हायचं तेव्हा होईल.

'वेळेच्या थोडं आधी' म्हणजे काय, ते ग्रिनिचला डोळ्यांनी दिसतं. वेधशाळेच्या माथ्यावर खांबाला एक मोठा लाल चेंडू आहे. 12:55 ला तो अर्ध्यावर चढतो, 12:58 ला टोकाला जातो आणि बरोबर 1 वाजता खाली येतो. 1833 पासून हे चाललंय. थेम्समधल्या जहाजांवरचे खलाशी तो पाहून आपली घड्याळं लावून घेत. चेंडू अर्ध्यावर दिसला, की तयारीला पाच मिनिटं हातात. समुद्रात घड्याळ 4 मिनिटं चुकलं, तर रेखांश एक अंशाने चुकतो. विषुववृत्तावर ते अंतर होतं सुमारे 111 किलोमीटर. जहाज खडकावर आपटायला एवढं पुष्कळ झालं. (दुपारी 12 ऐवजी 1 का? बाराला खगोलशास्त्रज्ञ सूर्याची वेळ घेण्यात गुंतलेले असत.)

ज्यांना चेंडू दिसत नसे, त्यांच्यासाठी वेळ घरपोच यायची. बेलव्हिल कुटुंबाचा हा धंदाच होता. वडिलांनी 1836 मध्ये सुरू केलेलं काम मुलगी रूथ हिने 1892 पासून 1940 पर्यंत चालवलं. आठवड्यातून एकदा ग्रिनिचला यायचं, घड्याळ तपासून घ्यायचं आणि लंडनभर गिऱ्हाइकांना अचूक वेळ दाखवत फिरायचं. त्याचे पैसे! बाईंनी त्या घड्याळाला नावही ठेवलं होतं, 'अर्नोल्ड'. जॉन अर्नोल्ड हे ते बनवणाऱ्याचं नाव. तारेने वेळ कळू लागली, रेडिओ आला, तरी तिची गिऱ्हाइकं टिकून होती. वेळ पाकिटात असते असं मानणाऱ्यांनाच हे सुचायचं.

वेधशाळेच्या फाटकापाशी 1852 चं शेफर्ड घड्याळ आहे. मंडळी इथेच हटकून फसतात. तबकडी 24 तासांची, वर शून्य, तळाला 12. भर दुपारी तासकाटा सरळ खाली असतो आणि आपल्याला वाटतं सहा वाजले! शिवाय ते बाराही महिने ग्रिनिच वेळच दाखवतं. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे करतात, हे मात्र जागचं हलत नाही. चेंडू मात्र उन्हाळ्यात उन्हाळी वेळेनेच पडतो. त्यामुळे फाटकावर बघून 'अजून तास आहे' म्हणत कॉफीला गेलात, तर चेंडू पडून गेलेला असेल.

तेव्हा फोनवरची वेळ धरा. धक्क्यापासून टेकडीपर्यंत अर्धा तास ठेवा, गुडघे कुरकुरत असतील तर आणखी थोडा. वारा फार असेल, तर चेंडू चढवतच नाहीत. नाहीतर 12:55 ला मान वर करून उभे राहा.