मामाचे बोल्ट आणि युरोपचा कर

२०२४ च्या दिवाळीत मामाने मला फराळावरून उठवून कारखान्यात नेलं. नाशिकला सातपूर एमआयडीसीत त्याचं बोल्ट बनवायचं युनिट आहे, अकरा माणसांचं. माल मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत जर्मनीला जातो. त्या निर्यातदाराने एक एक्सेल फाइल पाठवली होती. "तू कम्प्युटरवाला ना, मग हे भर."

फाइल युरोपियन कमिशनची होती. एक टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, एवढंच तिला हवं होतं, पण ते विचारायला तिने कितीतरी शीट्स घेतल्या होत्या. या प्रकाराला सीबॅम म्हणतात. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना कार्बनची किंमत मोजावी लागते, मग बाहेरच्या मालाला का सोडायचं, हा त्यामागचा विचार. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती आणि जुलै २०२४ पर्यंत ठोकताळ्याचे आकडेही चालले. पुढे खरे हवे होते. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैसे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्याबरोबर नट-बोल्टही यादीत आहेत.

मला वाटलं, दोन तासांचं काम. हेडिंग आणि थ्रेड रोलिंगची मशीन विजेवर, हीट ट्रीटमेंटची भट्टी एलपीजीवर. गॅसची बिलं काढली, वर्षाच्या उत्पादनाने भागलं, टनामागे सव्वाशे किलोच्या आसपास आकडा आला. मामा खूश. छपरावरचं सोलर कुठे लिहायचं, हे त्याने दोनदा विचारलं. कर्ज काढून बसवलंय. मी नियम वाचले. विजेची माहिती तेव्हा वेगळी द्यायची होती, पण पोलादावर पैसे आकारताना फक्त भट्टीतून थेट निघणारा धूर मोजतात. म्हणजे सोलरने करात एक रुपयाही वाचणार नव्हता. हे त्याला सांगायला मी भाऊबीज उलटू दिली.

खरी अडचण पुढच्या शीटमध्ये होती. बोल्ट ज्या वायर रॉडपासून बनतो, त्याचा कार्बनही बोल्टच्याच खात्यात धरतात आणि तोच जवळजवळ सगळा असतो. ब्लास्ट फर्नेसच्या पोलादामागे टनाला दोन टनांहून जास्त. भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर थेट धूर त्याच्या कितीतरी कमी. दोन्ही बोल्ट हातात घेतले तर फरक कळणार नाही. मामाची वायर कुठली? "ट्रेडरकडची," तो म्हणाला. कोपऱ्यात सात कॉइल पडल्या होत्या. तिघींवर मिलचा टॅग आणि हीट नंबर होता, बाकीच्या नुसत्याच. ट्रेडर फोनवर हसला.

"टाक ना दोन. कोण बघतंय जर्मनीहून?"

मी दोन लिहिलं. मग खोडलं. प्रामाणिकपणा वगैरे नंतरचा, आधी भीती होती. पुढे हे आकडे बाहेरचा तपासनीस पडताळणार होता आणि सही मामाची असणार होती. रकाना रिकामा ठेवून आम्ही निर्यातदाराला खरं ते कळवलं. दोन महिन्यांनी त्याची ऑर्डर निम्म्यावर आली.

कर चुकीचा आहे असं मला वाटत नाही. कोळशावरचं पोलाद स्वस्त पडतं, कारण त्याच्या धुराचं बिल कोणी भरत नाही. पण सातपूरमध्ये तो कर आधी ज्याच्याकडे कागद नाही त्याला लागला. खरा आकडा नसला की ठरवून दिलेला चढा आकडा धरतात. आता वर्षाला ५० टनांपर्यंत सूट आहे म्हणे, पण ती मोजतात आयातदाराच्या मालावर. आमचा जर्मन गिऱ्हाईक दहा ठिकाणांहून माल घेतो, तेव्हा मामा कितीही लहान असला तरी उपयोग नाही. आणि मिलला अकरा माणसांच्या कारखान्याच्या ईमेलला उत्तर द्यायची काय गरज?

गेल्या वर्षापासून मामा मिलच्या अधिकृत वितरकाकडून टॅगवाल्या अख्ख्या कॉइल घेतो. किलोमागे जास्त द्यावे लागतात आणि उधारी बंद, म्हणून मामीची एफडी मोडली. मी त्याला हीट नंबरपासून खोक्यापर्यंत माग ठेवणारं छोटं ॲप करून दिलं. पोरं ते वापरत नाहीत. मशीनशेजारी दोरीने बांधलेली वही आहे, तीत पेनाने नंबर लिहितात, रविवारी मी पुण्याहून फोटो बघून भरतो. मिलकडून कार्बनचा पडताळलेला आकडा अजून आलेला नाही. वितरक म्हणतो, पुढच्या महिन्यात.