पदकाची पाठ आधी पाहा

पुणे

चि. मृणाल,


बँकॉकच्या था प्रा चान बाजारातून पाठवलेले तिन्ही फोटो मिळाले. ऑफिस सुटल्यावर तू ताईत-मूर्तींच्या त्या गल्लीत रमतेस, हे वाचून बरं वाटलं. पण तिन्ही फोटोंत तू पदकाची फक्त दर्शनी बाजू टिपली आहेस. पुढची बाजू देणाऱ्याने जगाला दाखवण्यासाठी केलेली असते. खरी माहिती पाठीवर, कडेला, पिनेवर आणि फितीत मिळते. कोणतंही पदक हाती आलं की तीन प्रश्न विचार: दिलं कुणी, घडवलं कुणी, छातीवर लावलं कुणी? आग्नेय आशियात ही तीन उत्तरं बहुधा तीन वेगळ्या देशांत सापडतात.

पहिल्या फोटोतलं कांस्य पदक सयामचं विजय पदक म्हणून विकायला ठेवलंय. सयामने २२ जुलै १९१७ रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि १९१८ मध्ये बाराशेहून अधिक स्वयंसेवक फ्रान्सला पाठवले. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ठरवलं की सर्वांच्या विजय पदकाची फीत एकच असावी, दुहेरी इंद्रधनुष्याची, आणि पुढे पंख असलेली विजयदेवता असावी. सयामने फीत तीच ठेवली, पण देवतेच्या जागी विष्णू बसवला. माणसं थोडी, म्हणून पदकंही थोडी. या साऱ्या मालिकेत सयामचं पदक सर्वांत दुर्मीळ समजतात, त्यामुळे नकलाही याच्याच जास्त.

दहा पटींचं भिंग घे. ठशावर पाडलेल्या पदकात अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. ओतीव नकलेत त्या बोथट होतात, खोलगट भागात बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात आणि कडेवर कानशीने घासलेली साच्याची रेघ सापडते. धातू थंड होताना आकसतो. म्हणून अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि व्हर्नियर कॅलिपरने ते पकडता येतं. मात्र ओतीव म्हणजे खोटंच, असा नियम करू नकोस. तुझ्या तिसऱ्या फोटोतल्यासारखी कित्येक पदकं स्थानिक कारागिरांनी खरोखरच हाताने ओतून घडवली आहेत.

दुसरा फोटो पाहून मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. अनामच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या राज्याच्या, ड्रॅगनचं मानचिन्ह! आठ टोकांचा तारा, वर मुकुट, त्याला धरून बसलेला हिरव्या मीनाकारीचा ड्रॅगन आणि मधल्या निळ्या चकतीवर चार सोनेरी चिनी अक्षरं. ती अक्षरं म्हणजे सम्राट डोंग खान याचं नाव. त्याने हुए इथे १८८६ मध्ये हे मानचिन्ह सुरू केलं आणि १८८९ मध्ये तो वारला. म्हणून नवखे लोक प्रत्येक नगाला त्याच तीन वर्षांतला ठरवतात. पण नाव तसंच राहिलं आणि पदक पुढे कित्येक वर्षं निघत राहिलं. १८९६ मध्ये फ्रान्सने कंबोडियाच्या राजमानचिन्हासह हेही आपल्या वसाहतींच्या पाच मानचिन्हांत घेतलं. म्हणजे नाव सम्राटाचं, पण वाटप फ्रेंचांच्या हाती. फ्रेंच सरकारकडून मिळालेल्याची फीत हिरवी, नारिंगी काठांची. सम्राटाच्या दरबारातून मिळालेल्याची वेगळी.

आता पाठ उलटी कर. कडीवर किंवा ड्रॅगनच्या शेपटीजवळ रानडुकराच्या डोक्याचा इवलासा छाप आहे का बघ. चांदीच्या छोट्या वस्तूंवर हा छाप पॅरिसमध्ये १८३८ पासून १९६२ पर्यंत मारत. शेजारी चौकट तिरपी असेल तर ती घडवणाऱ्या पेढीची खूण. छाप पॅरिसचा म्हणून नकली समजू नकोस. फ्रेंच रिवाजात मान मिळाल्यावर पदक स्वतःच्या पैशाने जवाहिऱ्याकडून घ्यायचं असे. त्यामुळे एकाच श्रेणीची साधी आणि भारी कामाची पदकं शेजारी शेजारी दिसतात. आणि म्हणूनच नुसतं पदक कुणाला काही मिळाल्याचा पुरावा होत नाही. तो पुरावा सनदेत असतो. सनद आणि पदक एकत्र मिळत असेल तर दोन पैसे जास्त दे, आणि ती जोडी कधीही फोडू नकोस.

तिसरं पदक स्वस्त आहे, पण मला तेच आवडलं. ते दक्षिण व्हिएतनामचं मोहीम पदक. हिरवी-पांढरी पट्ट्यांची फीत, सहा टोकांचा तारा आणि मध्ये देशाचा नकाशा. फितीवरच्या धातूच्या पट्टीवर १९६० हे साल आणि त्यापुढे एक आडवी रेघ आहे. युद्ध संपलं की शेवटचं साल तिथे भरायचं ठरलं होतं. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं आणि ते साल भरणारं सरकारच उरलं नाही. अमेरिकी सैनिकांना हे मोठ्या प्रमाणावर मिळालं, म्हणून अमेरिकेत बनलेले गुळगुळीत नगही आहेत आणि सायगावातल्या कारागिरांनी घडवलेले ओबडधोबडही. मला विचारशील तर ओबडधोबड नग घे.

तारखांचं एक गणित लक्षात ठेव. आपण शके सालात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसं थाई पदकावरच्या बुद्धसंवतातून ५४३ वजा करायचे. २४८४ म्हणजे १९४१. राजा चुलालोंगकोर्नच्या काळातल्या वस्तूंवर रत्नकोसिन संवतही भेटतो. तो बँकॉक राजधानी झाल्यापासून, १७८२ पासून मोजतात. सयामचं थायलंड १९३९ मध्ये झालं आणि १८६९ मध्ये सुरू झालेल्या राजमुकुटाच्या मानचिन्हाचं नाव १९४१ मध्ये बदललं. त्यामुळे कागदावर देशाचं नाव काय छापलंय, हेही कालनिर्णयाचं साधन. राजवाड्याच्या आवारात मानचिन्हं आणि नाण्यांचं दालन आहे. काही विकत घेण्याआधी तिथे अस्सल वस्तू डोळे भरून पाहा. आणि एक जपायचं: मिळालं नसलेलं मानचिन्ह छातीवर लावणं थायलंडात गुन्हा आहे. काही वरच्या श्रेणीची चिन्हं धारकाच्या मृत्यूनंतर परत करायची असतात. अशी वस्तू बाजारात दिसली तर ती तिथे कशी आली, हे आधी विचार.

मी स्वतः ब्रह्मदेशाकडे वळलो, कारण आपलं रत्नागिरी. मंडालेचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीतच राहिला. त्याच्या राज्यात मान पदकाने मोजत नसत. खांद्यावरून छातीवर रुळणारी सोन्याच्या सरांची साळवे असे आणि सरांच्या संख्येवरून दर्जा ठरे. राजाचे चोवीस सर, इतरांचे त्याहून कमी. त्याच्या पराभवासाठी इंग्रजांनी दिलेल्या पदकावर मात्र व्हिक्टोरिया राणी आहे. लढणाऱ्यांना ते चांदीचं मिळालं, तळावरच्या नोकरचाकरांना कांस्याचं. मी ते फिरवून आधी कड वाचतो. तिथे शिपायाचं नाव आणि पलटण असते. त्याआधी १८२४ ते १८२६ च्या युद्धासाठी ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदी शिपायांना दिलेल्या पदकावर आव्याचा, म्हणजे ब्रह्मदेशाच्या राज्याचा, हत्ती इंग्रजी सिंहापुढे गुडघे टेकून बसलेला आहे. गुडघे कुणी टेकायचे, ते पदक देणारा ठरवतो.

आता खरेदीबद्दल. पहिलं सोडून दे. त्या किमतीत आणि त्या गल्लीत अस्सल मिळणं कठीण. दुसऱ्याची पाठ, कड आणि कडीवरचे छाप यांचे फोटो पाठव, सनदेची चौकशी कर, मग ठरवू. तिसरं उद्याच घे. घरी आणल्यावर ब्रासो लावून चकचकीत करू नकोस. जुना रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि मूळ फीत विटली असली तरी बदलू नकोस. शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतात आणलीस तर ती पुढे परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येणार नाही, हे ध्यानात असू दे. आणि सगळा आग्नेय आशिया गोळा करायला निघू नकोस. एक देश, एक राजवट घे आणि तिचा इतिहास आधी वाच. पदकं त्यानंतर घे.

तुझा,
मामा