हात राखून

मराठी घरात माणसाचं डोकं कधीच त्याच्या एकट्याचं नसतं. जन्मल्याबरोबर आजी टाळू भरायला घेते. बोटांवरचं खोबरेल तेल त्या मऊ, धडधडणाऱ्या जागेवर हळूच थापते. मग जावळ, मग शाळेत जाण्याआधी चापूनचोपून पाडलेला भांग, नरक चतुर्दशीच्या पहाटेचं अभ्यंग, परीक्षेला निघताना डोक्यावर टेकलेला थोरांचा हात. माया, धाक, आशीर्वाद, सगळं डोक्याच्याच वाटेने आत उतरतं. हेअर ट्रान्सप्लांट करून घरी निघालेल्या माणसाला मिळणारी पहिली सूचना मात्र अशी असते: डोक्याला कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही.

या वयात केसांची हौस कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. हौसेला वयाचा दाखला लागत नाही, एवढंच माझं उत्तर. सांगायचं आहे ते नंतरच्या दिवसांबद्दल. केस होते तोवर टाळूकडे लक्ष गेलं नाही आणि केस गेल्यावर तिच्याकडे बघवेना. तिची खरी ओळख झाली ती या दिवसांत.

या शस्त्रक्रियेत डोक्याच्या मागच्या भागातली केसांची मुळं मिलिमीटरभर व्यासाच्या बारीक नळीने एकेक करून सोडवतात आणि पुढे लावतात. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ सालीच अशा रोपणाची नोंद करून ठेवली होती. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी त्यातलं मर्म मांडलं. केसाची जागा बदलली तरी मूळ जागेचा गुण त्याच्यासोबत जातो. मागचे केस चिवट, उतारवयातही सहसा न गळणारे. ते कपाळाच्या वर लावले तरी चिवटच राहतात. टक्कल पडलेल्या डोक्यावर त्याच डोक्याचे केस का टिकतात, या कोड्याचं उत्तर इतकं साधं आहे.

पण हा चिवटपणा पुढचा. सुरुवातीला त्या मुळांना स्वतःचा रक्तपुरवठाही नसतो. भोवतालच्या ऊतींमधून जे पाझरेल त्यावर ती तग धरून असतात. मग काही दिवसांत सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यांच्यापर्यंत पोचतात आणि साधारण दहाव्या दिवसापर्यंत मुळं जागेवर पक्की बसतात. तोवर उशीची घासही त्यांना नको, हेल्मेटचा दाब नको, ऊन नको, घाम नको, सिगारेट तर नकोच, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. काही तासांनी एकदा मिठाच्या निर्जंतुक पाण्याचा फवारा, बस्स.

रात्री पाठीला उशा लावून, डोकं उंच ठेवून निजायचं. एसटीच्या रातराणीत लागते तशी ती झोप: मान डुलते, डोळा लागतो, दचकून उघडतो. तरीही कपाळावर सूज आलीच. मग ती उतरत उतरत पापण्यांवर आली आणि आरशात एक अनोळखी, चिनी मातीच्या बाहुलीसारखा गुळगुळीत चेहरा दिसू लागला. ही सूज चार-पाच दिवसांत ओसरते, हे आधी सांगितलेलं असतं म्हणून बरं.

खरी परीक्षा खाजेची. जखम भरत आली की टाळू खाजू लागते, आणि खाजवणारा हात कुणाला विचारून उठत नाही. विचार करताना, फोनवर बोलताना, क्रिकेटचा सामना बघताना आपला हात किती वेळा डोक्याकडे जातो, हे मला तेव्हा कळलं. आईची अवस्था याहून अवघड. “अरे, थेंबभर खोबरेल तरी लावू दे,” असं ती रोज म्हणायची आणि मी रोज मानेनेच नकार द्यायचो. एकदा वाकून नमस्कार केला तर तिचा हात सवयीने डोक्याकडे आला, अधांतरी थबकला आणि खांद्यावर उतरला. आशीर्वादाला बहुधा खांदाही चालत असावा.

मग नियम उलटतो. आठवडा सरला की खपल्या काढायच्या असतात. आधी शाम्पूचा फेस नुसता टेकवायचा, मगने पाणी हळू सोडायचं. दहाव्या दिवसाच्या सुमारास बोटांच्या पेरांनी अलगद गोल फिरवायचं, नख लावायचं नाही. आता हात लावायला सांगतात तर हात धजत नाही. न लावण्याची सवय जडलेली असते. खपल्या फार काळ राहणंही टाळूला बरं नाही, हे पटूनही बोटं कापतात. जपणं म्हणजे सतत काहीतरी करणं असा माझा समज होता. केव्हा दूर राहायचं आणि केव्हा हात घालायचा हे ओळखणं त्यात अधिक आहे, हे टाळूने शिकवलं.

आणि एवढं सगळं सांभाळल्यावर, दुसऱ्या आठवड्यानंतर केव्हातरी लावलेले बहुतेक केस गळून जातात! उशीवर ते दिसतात तेव्हा पोटात गोळा येतो. पण गळते ती केसाची काडी. मूळ त्वचेखाली शाबूत असतं, विसावलेलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस डोकावतात, आधी लवेसारखे, मग जाड. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या त्यांच्या ठरल्या चालीने. पुरता परिणाम दिसायला वर्ष लागतं. मधल्या काळात डोकं पूर्वीइतकंच उघडं असतं आणि भेटणारा प्रत्येक जण तिथेच बघतो.

म्हणून ओळखीत कुणी हे करून घेतलं असेल तर पहिल्या आठवड्यात त्याला जरूर भेटायला जा. डबा न्या, गप्पा मारा, औषधाची वेळ झाली तर आठवण करा. डोक्याला तेवढा हात लावू नका. आणि “आले का केस?” हा प्रश्न वर्षभराने विचारा.